चौथ्या प्रश्नाला थांबायचं

१२ जानेवारी

आणि तिनं उत्तर दिलं. चौथ्या प्रश्नाचं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, मी फळ्याकडे बघत होते, आणि मागच्या बाकावर पद्धतीच्या बाई पेनाला टोपण लावत होत्या.

मामा, मी नापास झाले.

मामीही हे पत्र वाचेल, म्हणून नीट लिहिते. इथे जिल्ह्याच्या अध्यापक प्रशिक्षण संस्थेत पाठ कसा सुरू करायचा याची रीत ठरलेली आहे. वर्गावर जायचं आणि चार प्रश्न विचारायचे. पहिले तीन मुलांना यायला हवेत. चौथा येता कामा नये. चौथ्याला वर्ग गप्प झाला, की आपण हसून म्हणायचं, "तर मुलांनो, आज आपण हेच शिकणार आहोत." याला हेतुकथन म्हणतात. त्याला वेगळे गुण आहेत.

संस्थेच्या मागे संस्थेचीच सरावशाळा आहे. आम्ही होऊ घातलेले शिक्षक तिथल्या मुलांवर सराव करतो. माझी अंतिम परीक्षा चौथीच्या वर्गावर होती. विषय तुमचाच, अपूर्णांकांची ओळख. हा आकार कोणता? वर्तुळ. त्याचे दोन सारखे भाग केले तर एका भागाला काय म्हणाल? अर्धा. अर्ध्याचे पुन्हा दोन सारखे भाग केले तर? पाव. मग हा पाव अंकात कसा लिहाल?

वर्ग शहाण्यासारखा गप्प बसला. फक्त खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. वडलांची बदली झाली म्हणून ती त्याच आठवड्यात या शाळेत आली होती. सगळे तिला 'नवी' म्हणतात. ती म्हणाली, "वर एक, मध्ये रेघ, खाली चार."

मी शाब्बास म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते पाठाच्या टाचणात नव्हतं. उरलेला तास मी फळ्यावर वर्तुळं काढली.

पद्धतीच्या बाई आम्हाला अध्यापनाच्या पद्धती शिकवतात आणि परीक्षाही त्याच घेतात. त्यांनी शेरा लिहिला, "विद्यार्थिनीस उत्तर येत असल्याने पाठास वाव राहिला नाही." हेतुकथन शून्य. एका जरी सदरात शून्य पडलं तरी नापास.

मार्चमध्ये फेरपरीक्षा आहे. माझं नेमणुकीचं पत्र आईनं कपाटात जपून ठेवलंय. त्यात 'उत्तीर्ण झाल्यास' असं लिहिलंय. तोवर जागा राखून ठेवणार आहेत. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला तरी जाईल.

तुमची
ठकी


२० जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. मामीने ते वाचून "पोरीला उत्तर आलं म्हणून बाई नापास?" असे विचारले. तिला शिक्षणशास्त्र ठाऊक नाही. तू मनावर घेऊ नकोस.

चूक तुझी नाही, त्या मुलीचीही नाही. चूक पूर्वतयारीची आहे. वर्गात कोणाला काय येते याची शिक्षकाने आधी चौकशी करावी, आणि ज्याला येते त्याला पिण्याचे पाणी भरून आणायला पाठवावे. आमच्या वेळी पाण्याची टाकी लांब होती. त्याचा फार उपयोग होत असे.

याच विषयावर, याच संस्थेत, मला आदर्श पाठाची ढाल मिळाली होती हे तुला ठाऊक आहेच. ती अजून दिवाणखान्यात आहे. त्या पाठासाठी मी सुताराकडून करून घेतलेली लाकडी चकती तुला पार्सलने पाठवतो आहे. चार तुकडे, चार रंग. आजवर मी ती कोणाला हात लावू दिलेली नाही. तुझ्या आईने मागितली असती तरी दिली नसती.

प्राचार्यांना माझा नमस्कार सांग. ते मला एक वर्ष मागे होते. 'ढालवाले' म्हणालीस की ओळखतील. मुद्दाम सांग. काय म्हणाले ते शब्दशः कळव.

तुझा
मामा


८ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

चकती पोचली. काल रंगवल्यासारखी चकचकीत आहे. पण तुकडे निघत नाहीत. मी पट्टी घालून पाहिली, नखं मोडून पाहिली. व्हार्निशनं चारही तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवले आहेत. तुम्ही ते कसे काढत होता?

प्राचार्यांना नमस्कार सांगितला. ते 'आनंददायी शिक्षण' या विषयावर बोलायला सभागृहात निघाले होते. म्हणाले, "हो का." मग आत जाऊन त्यांनी कडी लावायला सांगितली, कारण मागच्या खेपेला शिक्षक मधूनच उठून गेले होते.

चौथीचे गुरुजीही प्रशिक्षणाला गेले आहेत. विषय आहे, शिक्षकांची वर्गातील उपस्थिती. ते येईपर्यंत वर्ग माझ्याकडे दिलाय. पहिल्यांदाच असं झालं, की मी वर्गात आहे आणि मागे कुणी बसलेलं नाही.

मी गणिताचं पुस्तक काढायला सांगितलं. मामा, त्या पुस्तकांत प्रत्येक धड्याचं पहिलं पान बोटांनी काळं पडलंय. त्यापुढची पानं कोरी करकरीत. काही तर छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली आहेत. मी विचारलं, "यापुढचं तुम्हाला कोण शिकवतं?"

मॉनिटर उभा राहिला. तो चष्मेवाला आहे, शांत आहे, आणि संस्थेत त्याला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. म्हणाला, "बाई, यापुढे नवीन बाई येतात."

"आणि त्या काय शिकवतात?"

"ओळख."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यातल्या प्रत्येकाला ओळखीचाच पाठ हवा असतो. चित्रं, चकत्या, टाळ्या सगळं ओळखीत असतं. पुढच्या पाठात नुसती गणितं असतात, मुलं चुकतात, आणि परीक्षकांना चुकणारी मुलं आवडत नाहीत. म्हणून या वर्गाची सगळ्यांशी ओळख करून दिलेली आहे. अपूर्णांकांशी, नद्यांशी, क्रियापदांशी, पचनसंस्थेशी. कुणाशीच पुढे बोलणं झालेलं नाही.

आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येतं. सगळ्यांना. वर्षभर ऐकतात, न यायला काय झालं? पण चौथ्याला थांबायचं असतं. नाही थांबलं तर बाई नापास होतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ती मुलं चांगली आहेत, एवढंच.

नवी आता उजव्या हातावर बसते. हात मांडीखाली दाबून. मी कारण विचारलं तर मॉनिटरच म्हणाला, "आम्ही शिकवलं तिला, बाई. तुमच्या वेळी तिला माहीत नव्हतं. आता नाही यायचं तिला."

मधल्या सुट्टीत ती नळावर एकटी होती. मी विचारलं, "पाव अंकात कसा लिहायचा गं?" तिनं आधी मागे वळून बघितलं. मग म्हणाली, "माहीत नाही, बाई."

ठकी


१५ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

चकतीचे तुकडे काढायचे नसतात. दाखवायचे असतात. वर रेघा आहेत, रंग आहेत, पेन्सिलीने एकेका तुकड्यावर टिचकी मारायची. काढले की हरवतात. कृपा करून पुन्हा पट्टी घालू नकोस.

प्राचार्य "हो का" म्हणाले म्हणजे ओळखले. तो माणूस पूर्वीपासून कमी बोलणारा. "हो का" म्हणताना चेहरा कसा होता ते तू लिहिलेले नाहीस. मी जूनमध्ये निवृत्त होतो आहे. निवृत्तीनंतर माणसाने रिकामे बसू नये. संस्थेला तज्ज्ञ मार्गदर्शक लागतात, आणि त्यांची यादी प्राचार्यच करतात असे ऐकतो. हे मी सहज लिहिले.

त्या मुलीला आता उत्तर येत नाही ही आनंदाची बातमी आहे. तुझा मार्ग मोकळा झाला. वर्ग इतका तयार आहे, तर तू नुसती उभी राहिलीस तरी पास होशील. मुलांनी सांभाळून घेतले की शिक्षकाने भाव खाऊ नये.

मामी विचारते, ही मुले पाचवीत गेल्यावर काय करतात? मी तिला सांगितले, पाचवी सरावशाळेत नाही.

तुझा
मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

चौथीचे गुरुजी परत आले. हजेरीवर सही केली आणि दुसऱ्या प्रशिक्षणाला गेले. मी अजून वर्गावर आहे.

काल पद्धतीच्या बाईंनी आम्हाला 'मुलांना प्रश्न विचारू द्या' हे शिकवलं. शेवटी एकीनं हात वर केला तर म्हणाल्या, "प्रश्न नकोत, वेळ संपलाय." मी त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "बाई, फेरपरीक्षेला अपूर्णांकांचा दुसरा पाठ घेतला तर चालेल का?"

"दुसरा कुठला?"

"ओळखीनंतरचा. बेरजेचा."

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचं नमुना टाचण आपल्याकडे नाही. आणि त्यात हेतुकथन कुठे करणार? मुलांना आधीच माहीत असेल ना, काय चाललंय ते."

"मग तर बरंच की."

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू हुशार आहेस. उगाच वाया जाऊ नकोस."

मामा, मी दुसराच पाठ घेणार आहे. मला कळतंय काय होईल ते. शून्य पडेल, नेमणूक जाईल, आई ते पत्र कपाटातून काढणार नाही आणि माझ्याशी बोलणारही नाही. पण त्या मुलीला येत होतं. माझ्या परीक्षेपायी ती "माहीत नाही" म्हणायला शिकली. पुन्हा तोच प्रश्न तिला विचारून मी पास व्हायचं, हे मला जमणार नाही.

तुमच्या ओळखीत बेरजेच्या पाठाचं टाचण कुणाकडे असेल तर पाठवा.

ठकी


२ मार्च

चि. ठकीस.

तुझे पत्र मिळाले. ते मी मिळाले नाही असे समजतो. कारण पुढे वाच.

मला बाहेरचा परीक्षक म्हणून नेमल्याचा आदेश आला आहे. कोणत्या संस्थेत ते गोपनीय आहे. त्यामुळे मी फक्त तुझ्या आईला, मामीला, आमच्या शाळेच्या शिपायाला आणि आता तुला सांगितले. तुमची संस्था. फेरपरीक्षा. एकच परीक्षार्थी आहे. कोण ते कळवलेले नाही.

आदेशासोबत विचारले होते की परीक्षार्थींत कोणी नातेवाईक आहे काय? मी बराच विचार करून 'सध्या नाही' असे लिहिले. तेव्हा परीक्षा संपेपर्यंत मी तुझा मामा नाही. पत्रव्यवहार बंद. भेटलो तर ओळख दाखवायची नाही.

तुझा (१८ मार्चनंतर)
मामा

ता. क. परीक्षक या नात्याने मला पाठाच्या विषयाशी काही कर्तव्य नाही. पण ओळखच घे.

ता. क. दुसरा: प्राचार्य स्वतः वर्गात येऊन बसणार आहेत असे कळते. माझ्या यादीचे काय ते त्याच दिवशी ठरेल. ओळख घे, ठके. तुझ्या आईची शपथ घालत नाही, कारण ती माझी सध्या कोणी नाही.


६ मार्च

ती. मामीस सा. न.

परीक्षक घरात आहेत का? असतील तर हे पत्र त्यांना दाखवू नकोस. मामा असतील तर दाखव.

मामांना सांग, की मी ऐकणार नाही. आणि सांग, की माझ्यामुळे त्यांचं यादीतलं नाव गेलं तर मला वाईट वाटेल. ते जून महिन्याला घाबरलेत हे मला त्यांनी न लिहिताही कळलं.

परीक्षकांना काहीच सांगू नकोस.

तुझी
ठकी


१० मार्च

चि. ठकी,

दोघंही घरात आहेत आणि दोघांनीही पत्र वाचलं. परीक्षक "मी वाचलं नाही" म्हणाले. मामा जेवले नाहीत.

काय चाललंय म्हणून विचारशील तर सांगते. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभे राहून अभिप्राय म्हणतात. "पाठ समाधानकारक, तथापि." हे 'तथापि' त्यांना नीट जमत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणतात. कोट इस्त्रीला दिलाय. ढाल पुसली. ती बरोबर न्यायची का, हेही मला विचारून झालं.

मी म्हटलं, "तुम्ही शाळेत इतकी वर्षं अपूर्णांक शिकवता, तर तिला ते बेरजेचं टाचण का नाही पाठवत?" तर म्हणाले, "मी गणित कुठे शिकवतो, मी मुख्याध्यापक आहे."

तुला जे करायचं ते कर. तुझ्या आईला मी बघून घेते. नीट जेवत जा.

तुझी
मामी


१८ मार्च, संध्याकाळ
संस्थेची अतिथी खोली

चि. ठकीस अनेक अनेक आशीर्वाद.

आता मी पुन्हा तुझा मामा आहे. तू दुपारच्या गाडीने आईकडे गेलीस ते बरे केलेस. निकाल आधी सांगतो, म्हणजे पुढचे नीट वाचशील. तू पास आहेस.

आता तू कशी पास झालीस ते ऐक.

मला शेवटच्या बाकावर बसवले होते. तो बाक चौथीच्या मुलांचा. गुडघे आत गेले ते बाहेर येईनात. शेजारी पद्धतीच्या बाई, त्यांच्या पलीकडे प्राचार्य खुर्चीवर. तुझा तो मॉनिटर येऊन मला विचारून गेला, "सर, पेन चालतंय ना? पाणी आत्ता देऊ की हेतुकथनानंतर?" मला फार समाधान वाटले. संस्थेने शिस्त टिकवली आहे.

तू सुरुवात केलीस, "पाव अंकात कसा लिहितात ते तुम्हाला येतं. तिथून पुढे जाऊ. कोण लिहील?" आणि वर्ग थांबला. एक हात वर नाही. मी तुझ्याकडे पाहत होतो. तू पुन्हा म्हणालीस, "अरे, येतं तुम्हाला." सगळ्यांनी माना हलवल्या, येत नाही म्हणून. ती मुले तुला वाचवत होती. त्यांना वाटले बाई घाबरून पहिले तीन प्रश्न विसरल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर तुला बोटांनी गोल काढून दाखवत होती. मॉनिटर कुजबुजला, तो सगळ्या वर्गाला ऐकू आला, "बाई, आधी वर्तुळ."

मग तू खडू त्याच्या हातात दिलास. "तूच घे," म्हणालीस. "ओळख तू घे. पुढचं मी घेते."

ठके, तो पोरगा फळ्यापाशी गेला आणि त्याने माझा पाठ घेतला.

माझा. चकती डाव्या हातात, उजवा हात पाठीमागे. पेन्सिलीने टिचकी. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाआधी बोटावरचा खडू फुंकायचा, तो मी फुंकला होता. शाब्बास म्हणण्याआधी थोडे थांबायचे, तसा मी थांबलो होतो. चौथ्या प्रश्नाला वर्ग गप्प झाला, आणि तो हसून म्हणाला, "तर मुलांनो, आज आपण हेच शिकणार आहोत." मला तेव्हा अर्धा तास लागला होता. त्याला तीन मिनिटे पुरली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. बाई म्हणाल्या, "सर, खडूची धूळ आहे."

मग तो तुझ्याकडे वळला आणि खडू पुढे धरून म्हणाला, "झालं, बाई. यापुढे मला माहीत नाही." आणि हे तो खरेच सांगत होता.

पुढचे तुला ठाऊक आहे, तरी मला लिहायचे आहे. तू फळ्यावर अर्धा अधिक पाव मांडलेस आणि त्याने लगेच उत्तर लिहिले. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. दोन छेद सहा. मोत्यासारख्या अक्षरात. कोणी म्हणाले बरोबर, कोणी म्हणाले चूक, कोणी म्हणाले सहा कुठून आले. तू म्हणालीस, तुकडे जोडून बघू. आणि तू माझी चकती टेबलाच्या कडेवर आपटलीस.

मी उठायला गेलो. बाकाने उठू दिले नाही.

दुसऱ्यांदा आपटलीस तेव्हा ती सुटली. लाल आणि पिवळा वेगळे झाले. हिरवा-निळा तसेच चिकटून राहिले. म्हणजे एक अर्धा आणि दोन पाव. टेबलाभोवती एवढी गर्दी झाली, की मला काही दिसेना. आवाज मात्र येत होता. वर्गात इतका आवाज मी या संस्थेत कधी ऐकला नव्हता. प्राचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. मग त्या आवाजातून त्या खिडकीजवळच्या मुलीचा आवाज आला. हात वर न करता, नुसतीच बोलली ती. "पूर्ण व्हायला अजून एक पाव पाहिजे." तर दुसरा कोणी ओरडला, "म्हणजे पाऊण! पाऊण तास असतो तसं!" मग मॉनिटरने आपले दोन छेद सहा स्वतःच पुसले. खाली बसला, आणि बराच वेळ हसत होता.

आता गुणांचे. बाईंनी प्रस्तावनेला, म्हणजे त्या चार प्रश्नांना, शून्य आणि हेतुकथनाला शून्य दिले. म्हणाल्या, हे छात्राध्यापिकेने केले नाही, विद्यार्थ्याने केले. दोघा परीक्षकांचे पटले नाही तर बाहेरच्या परीक्षकाचे धरतात, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी काय करणार होतो ते मला ठाऊक नाही. खोटे कशाला सांगू, प्राचार्य माझ्याकडे बघत होते, आणि 'तथापि' माझ्या तोंडात तयार होते. पण मी त्या सदराकडे पाहिले आणि माझ्या ध्यानात आले, की ही प्रस्तावना माझी आहे. स्वतःच्या प्रस्तावनेला शून्य कसे देऊ? ढाल मिळालेल्या प्रस्तावनेला?

मी पूर्ण गुण दिले. बाई म्हणाल्या, "कशाच्या आधारावर?" मी संस्थेचीच हस्तपुस्तिका मागवली. त्यात तो पाठ नमुना म्हणून छापलेला आहे, शब्दन् शब्द, खडू फुंकण्यासकट. नाव छापायचे तेवढे राहून गेले आहे. मी म्हणालो, "नमुन्याबरहुकूम झाली आहे. ती कोणाच्या तोंडून व्हावी याबद्दल पुस्तिकेत काही नाही." त्यांनी सगळी पुस्तिका चाळली. खरेच नाही.

फलकलेखनात मात्र मी तुझे गुण कापले. फळा फार घाण झाला होता.

प्राचार्यांना मी सांगितले, की तो पाठ माझा. ते म्हणाले, "हो का." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मग उद्या सकाळी तुम्हीच घ्या की. चौथीवरच. सगळ्या छात्राध्यापकांना बसवतो. आदर्श पाठ कसा असतो ते एकदा बघू देत त्यांना. तुमच्या यादीचं त्यानंतर बोलू."

कोट आणला ते बरे झाले. चकतीचे तुकडे मॉनिटरने खोलीवर आणून दिले. मी ते डिंकाने जोडून ठेवले आहेत. सकाळपर्यंत वाळतील.

तुझा
मामा


१९ मार्च, स्टँडवरून

चि. ठकीस आशीर्वाद.

गाडीला वेळ आहे म्हणून लिहितो.

अर्धा अधिक पाव याच्यानंतर काय घेतात ते सविस्तर कळव. टाचण असेल तर टाचण, नसेल तर तू घेशील तसे लिही. जूनपर्यंत मला अजून शाळा आहे. मामीला इतक्यात काही बोलू नकोस.

यादीचे बोलणे झाले नाही. चकती वर्गातच राहिली. डिंक नीट वाळला नव्हता आणि मुले तुकडे काढून घेऊन बसली.

सकाळी झाले ते एवढेच. सगळे छात्राध्यापक भिंतीला टेकून वह्या घेऊन उभे होते, प्राचार्य पुढच्या खुर्चीत. मी पहिले तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरे आली. बोटावरचा खडू फुंकला आणि चौथा विचारला. वर्ग गप्प झाला. मग त्या खिडकीजवळच्या मुलीने मांडीखालून हात काढला आणि वर केला. मॉनिटरने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आपलाही हात वर केला. त्यानंतर सगळ्यांनी केले. मी तिला उठवले. तिने उत्तर सांगितले. मी शाब्बास म्हणालो आणि मुलांना पान उलटायला सांगितले.

तुझा
मामा